वाफसा

सोमवारी सकाळी मी ओल्या मातीत आणखी मगभर पाणी ओतलं.

नकळत झालं असतं तर त्यावर लिहायला बसले नसते. माती ओली आहे हे मला नीट ठाऊक होतं. आदल्याच दिवशी दुपारी मी आणि लेकीने मिळून त्या पीस लिलीची कुंडी बदलली होती, तळाच्या भोकांतून पाणी बाहेर येईपर्यंत भिजवली होती, आणि रात्री झोपण्यापूर्वी बशीत साचलेलं पाणीही मीच ओतून टाकलं होतं. सकाळी पाहते तर झाडाने मान टाकलेली. एखाद्या पानाने नाही, सगळ्यांनीच. मधोमध भांग पाडल्यासारखी रिकामी जागा, आणि चहूबाजूंनी पानं कुंडीच्या काठावरून खाली लोंबतायत. दोन-तीन तर फरशीला टेकलेली. मी मातीत बोट घातलं. गार, ओली. बोटाला काळा चिखल आला. तो नळाखाली धुतला, नळ चालूच होता म्हणून त्याखाली मग धरला, आणि भरलेला मग घेऊन पुन्हा झाडापाशी गेले. एवढ्या सगळ्यात थांबायला जागा होती. मी थांबले नाही. ओतलेलं पाणी क्षणभर वर तळ्यासारखं उभं राहिलं, मग सावकाश आत मुरलं, आणि मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं गेले दहा-बारा दिवस टोचतंय.

ज्यांच्या घरी पीस लिली आहे त्यांना तिचा हा नाटकी स्वभाव नवा नाही. तहान लागली की ती सरळ अंग टाकते. सकाळी ताठ असलेलं झाड संध्याकाळी बघावं तर मेल्यासारखं पडलेलं, आणि पाणी मिळालं की तीन-चार तासांत काही झालंच नाही अशा थाटात उभं. तिच्या देठात लाकूड नाही. जो काही ताठपणा आहे तो पेशीपेशीत भरलेल्या पाण्याचा, आणि त्या पाण्याचा दाब साधासुधा नसतो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट सहज भरतो. दाब उतरला की पान उतरलं. इथपर्यंत सोपं आहे. पण मुळं कुजली तरीही ती अशीच मान टाकते. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणजे भरल्या घागरीशेजारी झाड तहानेने पडतं. आणि कुंडी बदलताना मुळांवरची केसासारखी लव तुटली, तरी परत तीच मान, तसंच पडणं. ही लव म्हणजे एकेका पेशीचं शेपूट. पाणी पिण्याचं बरंचसं काम तीच करते, आणि नुसता हात लागला तरी ती जाते. तर तहान, कूज आणि हाताळणीचा धक्का, तिन्हींसाठी या बाईजवळ एकच शब्द आहे. अर्थ ऐकणाऱ्याने लावायचा.

नावातली लिलीही खरी नाही. ही अळूच्या कुळातली. ज्याला आपण पांढरं फूल म्हणतो ते बदललेलं पान, आणि खरी फुलं त्याच्या मध्ये उभ्या असलेल्या खडबडीत दांड्यावर, भिंगातून बघावीत इतकी बारीक. घरोघरच्या कुंड्यांत जिचं रक्त आहे अशी तिची एक जात स्पॅथिफायलम वॉलिसाय म्हणून ओळखली जाते. गुस्ताव वालिस (१८३०–१८७८) हा जर्मन माणूस दक्षिण अमेरिकेच्या जंगलांतून झाडं गोळा करून युरोपला पाठवायचा, शेवटी तिकडेच, इक्वेडोरमध्ये, वारला. हा वालिस जन्मतः बहिरा होता आणि वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत त्याला बोलता येत नव्हतं. याचा झाडाशी काडीचाही संबंध नाही. तरी एकदा वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

आमची लिली मुळात घरची नव्हे, ऑफिसची. चौदा वर्षांपूर्वी कोणा वरिष्ठांच्या डोक्यात आलं की झाडं ठेवली की हवा शुद्ध होते. त्या काळी तो निरोप सगळीकडे फिरत होता, आणि त्याच्या मुळाशी नासाचा १९८९ चा एक खराखुरा अभ्यास होता, पण तो बंद पेटीत केलेला. २०१९ साली संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला तेव्हा दिसलं की साध्या खिडकी-दाराच्या हवेची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं ठेवावी लागतील. आमच्याकडे अख्ख्या मजल्याला सहा होती. त्यातली एक माझ्या टेबलामागच्या फायलींच्या कपाटावर आली, तेव्हा तिला चार पांढरी फुलं होती. ती महिन्या-दोन महिन्यांत हिरवी पडून वाळली, आणि पुढे अकरा वर्षं एकही फूल आलं नाही. आम्ही आळीपाळीने स्वतःला दोष दिला. उजेड कमी, खत नाही, एसीची हवा. फार उशिरा कळलं की विक्रीच्या वेळी झाड फुललेलं दिसावं म्हणून त्यावर जिबरेलिक आम्ल नावाचं संप्रेरक फवारतात आणि ठरलेल्या आठवड्यांत फुलं काढतात. म्हणजे ती चार फुलं तिच्या मनाची नव्हतीच कदाचित, आणि आम्ही उगाच अकरा वर्षं अपराधी.

त्या सहांतली पाच झाडं पहिल्या दोन वर्षांत गेली. ती कोणी मारली असं नाही, सगळ्यांनी मिळून मारली. घरी जाताना बाटलीत उरलेलं पाणी सिंकपर्यंत नेण्यापेक्षा कुंडीत ओतणं सोपं, आणि वर पुण्यही पदरात. माझ्यामागची वाचली, कारण तिच्यावर मामांची नजर होती. मामा म्हणजे आमच्या मजल्यावरचे शिपाई. दर सोमवारी आणि गुरुवारी ते स्टुलावर चढायचे, कुंडीत बोट खुपसायचे, बोट वर काढून अंगठ्यावर घासून बघायचे, आणि बहुतेक वेळा काहीही न करता खाली उतरायचे. मला ते हास्यास्पद वाटायचं. एवढं स्टुलावर चढायचं आणि पाणी न घालता उतरायचं. एकदा मीच उत्साहाने बाटली पुढे केली तर म्हणाले, "थांबा ताई. दुसऱ्या पेरापर्यंत ओल आहे. वाफसा येऊ द्या."

वाफसा हा शब्द मी तोवर फक्त बातम्यांत ऐकला होता, वाफसा आल्यावरच पेरणी करा वगैरे. मामांचं शेत होतं, भावाकडे कसायला दिलेलं. त्यांनी मला मातीची चिमूट काढून दाखवली. मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे, आणि बोटाने टोचला की फुटला पाहिजे. नुसता गोळा राहिला तर ओली, गोळाच झाला नाही तर कोरडी, मधलं ते वाफसा. "ओल पण पाहिजे आणि हवा पण पाहिजे," म्हणाले, "पांढरी मुळी हवेशिवाय चालत नाही." मुळी चालते, हा क्रियापदाचा वापर मला इतका आवडला की बाकीचं बोलणं कानांवरून गेलं. एवढ्या वर्षांत त्या शब्दाला तोलामोलाचा दुसरा शब्द मला सापडलेला नाही. ओलावा म्हणावं तर हवा सुटते, निचरा म्हणावं तर ओल सुटते. विज्ञानाची पुस्तकं तेच आकड्यात सांगतात: पाण्यातून प्राणवायू पसरायला हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट वेळ लागतो. मातीतली सगळी पोकळी पाण्याने भरली की मुळाचा श्वास कोंडतो, मग मूळकुजीची बुरशी आयतीच टपलेली असते. गंमत म्हणजे पीस लिलीचे जंगलातले भाऊबंद ओढ्याकाठी, दलदलीत वाढतात. पण ते पाणी हलतं, येताना हवा घेऊन येतं. आपण कुंडीत ओततो ते येतं आणि बसून राहतं.

मामांची आणखी एक सवय होती. कुंडीच्या एका कडेखाली लाकडी डस्टरचा तुकडा सरकवलेला असायचा, त्यामुळे ती किंचित कललेली दिसे. कपाट एका बाजूला बसलं असेल, म्हणून केलं असेल असं मी धरून चालले होते.

मग मामा निवृत्त झाले. पुढे ऑफिस दुसऱ्या इमारतीत गेलं, तेव्हा भंगारात काढायच्या वस्तूंची यादी झाली. तिच्यात तुटक्या खुर्च्या आणि जुने प्रिंटर यांच्यामध्ये "शोभेचे झाड, कुंडीसह, नग १" असं टंकलेलं होतं. मी ते घरी आणलं. तीन वर्षं झाली त्याला. आणि आणल्या आणल्या मी तिच्यावर उपकार केले.

झालं असं की मी तेव्हा बरंच वाचत होते. २०१२ साली काही शास्त्रज्ञांनी पासष्ट अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष वाचनात आला: कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की झाडाची वाढ सरासरी ४३ टक्क्यांनी जास्त होते. मला जे करायचंच होतं त्याला आधार मिळाला. अकरा वर्षं त्या चिमुकल्या प्लास्टिकच्या कुंडीत आखडून बसलेली ती, बाहेर आली आहे तर पाय पसरू दे. दुप्पट कशाला, मी चौपट मोठी कुंडी घेतली. निचरा हवा म्हणून तळाशी चांगला चार बोटं खडीचा थर दिला. मुळांचा गोळा दुखवायला नको म्हणून जसाच्या तसा अलगद मधे ठेवला आणि भोवती काळी भुसभुशीत माती भरली. वरून दिसायला राजेशाही. अति तेथे माती म्हणतात. इथे तर ती शब्दशः होती, पोतंभर.

कुंडीतली एवढी माती पाणी धरून बसते, आणि ते प्यायला तिथवर मुळं पोचलेलीच नसतात. खडीचं तर त्याहून विचित्र. मला खात्री होती की खाली दगड म्हणजे पाणी झरझर जाणार. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. ते मातीच्या तळालाच चिकटून, ओथंबून थांबतं. म्हणजे खडी घातल्याने तो चिखलाचा थर खाली जात नाही, उलट मुळांच्या आणखी जवळ वर येतो. लेकीने हे मला भांडी घासायच्या स्पंजवर दाखवलं. स्पंज पाण्यात पूर्ण बुडवून हातावर आडवा धरायचा. थेंब गळतात, मग थांबतात. आता वाटतं, जायचं तेवढं पाणी गेलं. मग तोच स्पंज, न पिळता, नुसता उभा करायचा. खालच्या टोकातून पुन्हा धार लागते. तेवढाच स्पंज, तेवढंच पाणी. उंची बदलली की त्याला धरून ठेवता येत नाही. मी सिंकपाशी उभी राहून तीनदा करून पाहिलं. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं बाईला काही झालंय.

तर गेली तीन वर्षं ती लिली जेमतेम जगत होती. नवा पोंगा यायचा, पण आधीच्यापेक्षा लहान. पानांची टोकं तपकिरी. आणि दर काही दिवसांनी मान टाकणं, माझं पाणी घालणं, तिचं अर्धवट उठणं. त्या रविवारी लेक दोन दिवसांसाठी घरी आली होती, तिने झाडाकडे बघून विचारलं, "आई, हे जिवंत आहे का तू नुसतं ठेवलंयस?" आणि आम्ही गच्चीत जुनी चादर अंथरली.

कुंडी आडवी केली, मी बुडखा धरला, तिने कुंडी ओढली. बाहेरची माती ढेकळं-ढेकळं होऊन गळून पडली, ओली, आंबूस वासाची. गटाराचा नव्हे, बंद डब्यात विसरलेल्या ओल्या कपड्याचा वास. आणि आत जे राहिलं ते पाहून आम्ही दोघी गप्प झालो. मुळांचा गोळा अजून ऑफिसच्या कुंडीच्याच आकाराचा होता. खाली निमुळता, वर रुंद, तळाच्या भोकांच्या जागी गोल उंचवटेसुद्धा तसेच. तीन वर्षांत मुळांनी बाहेर पाऊल टाकायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. दहा-बारा मुळ्या निघाल्या होत्या, पण काळ्या पडलेल्या. एक चिमटीत धरून ओढली तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत वायरसारखा पांढरा दोरा उरला. उरलेल्या मुळ्या जुन्या आकारात गोल गोल फिरत, एकमेकींवर पाय देत दाटीने बसल्या होत्या. एवढी जागा होती आजूबाजूला.

लेक म्हणाली, "नळाखाली धरूया." कोमट पाण्याच्या बारीक धारेत माती सुटत गेली. खालची मुळं कापली, काळी सगळी काढली, आणि आता मधला गड्डा धुवायला घेतला तर तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. प्लास्टिक. मधोमध, अगदी जुन्या बुंध्याला धरून, अंगठ्याएवढी काळी जाळीची वाटी होती. रोपवाटिकेत टिश्यू कल्चरची इवलीशी रोपं अशा जाळीत बसवून वाढवतात आणि मग जाळीसकट कुंडीत लावतात. बारीक मुळं भोकांतून बाहेर येतात, कोणाला काही कळत नाही. ती मुळं पुढे जाड होतात. जाळी नाही होत. आमच्या लिलीच्या मुळ्या भोकापाशी बारीक आणि दोन्ही बाजूंना फुगलेल्या दिसत होत्या, करकचून कमरपट्टा बांधल्यासारख्या. जाळीच्या आतला भाग मऊ तपकिरी, बोटाने दाबला की खचणारा. झाड जगलं होतं ते नंतरच्या बाजूच्या फुटव्यांवर. म्हणजे चौदा वर्षं, त्यातली सात-आठ मामांच्या दक्ष बोटाखाली, ती जाळी तिथेच होती. मामांचं बोट दुसऱ्या पेरापर्यंतच जायचं.

मी नखं कापायची छोटी कात्री आणली. एकेक धागा कापत गेले. तीन बाजू सुटल्या. चौथ्या बाजूला एक जाड, स्वच्छ, पांढरी मुळी जाळीतून अशी आरपार गेली होती की प्लास्टिक काढायचं तर ती जाणार. "राहू दे ना आई," लेक म्हणाली, "तिला सवय झाली असेल त्याची." मी कात्री तिथे नेली, परत आणली, परत नेली. शेवटी ठेवला तेवढा तुकडा. तो बरोबर ठेवला की चूक, याचं उत्तर आता मातीत आहे.

नवी कुंडी मी जुन्या ऑफिसच्या कुंडीपेक्षाही दोन बोटं लहान घेतली, कारण मुळंच आता तेवढी उरली होती. कोकोपीट, पर्लाइट, सालीचे बारीक तुकडे, थोडं गांडूळखत. मिश्रण हलकं, खालीवर करताना हातातून सरसर ओघळणारं. खडी नाही. दोन मोठी पानं कापून टाकली, कारण उरलेल्या मुळांना तेवढ्या पानांची तहान भागवणं जमलं नसतं. चौपट कुंडीतून एवढ्याशा कुंडीत आणताना मला लाजल्यासारखं झालं होतं, हे कबूल करते. घरी आलेल्या माणसाला उठवून मागच्या बाकावर बसवावं तसं. लेक सोमवारी पहाटेच्या गाडीने गेली. आणि उजाडल्यावर मी तो मग भरला.

इथे मला अण्णा आठवले. खरं म्हणजे मग हातात घेतला तेव्हाच आठवले होते, पण लिहिताना मी त्यांना इथवर ढकलत आणलंय.

अण्णांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी दिवसाला सव्वा लिटर पाणी ठरवून दिलं होतं, त्यात औषधाबरोबरचं घोटभरही धरायचं. आई सकाळी एक बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवायची आणि दिवसभर सगळं त्यातूनच. दुपारी चारपर्यंत बाटली तळाला गेलेली असे. अण्णा काही मागायचे नाहीत, मागण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. ओठांवरून जीभ फिरवत बाटलीकडे बघायचे आणि मी बघतेय हे दिसलं की खिडकीकडे बघायचे. पायांवर सूज होती. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडायचा आणि तो बराच वेळ भरायचा नाही. अंगात पाणी मावत नव्हतं आणि घसा कोरडा होता. एका दुपारी आई आत झोपलेली असताना मी स्वयंपाकघरातून अर्धा पेला पाणी आणून दिलं. त्यांनी एका दमात संपवलं आणि पेला माझ्या हातात न देता पांघरुणाखाली ठेवला, लहान मुलासारखा. आम्ही दोघंही हसलो. त्या संध्याकाळी सूज वाढलेली दिसली की मला तशी वाटली, ते मला आजही सांगता येणार नाही. ते त्यानंतर आठ महिने होते. अर्ध्या पेल्याने काही झालं नसणार. मी पुन्हा कधी दिलं नाही, आणि दिलं नाही याचाही सल आहे, आणि तो जास्त आहे.

सोमवारी दिवसभर मी चार वेळा कुंडीपाशी गेले. मंगळवारी एक पान पिवळं. बुधवारी संध्याकाळी राहवेना, जुन्या डायरीतून मामांचा नंबर शोधून फोन लावला. सहा-सात वर्षांनी बोलत होतो. त्यांचा आवाज बारीक झालाय. घरच्यांची चौकशी झाली, माझ्या लेकीची झाली, साहेबांपैकी कोण कुठे हे झालं. मग मी म्हटलं, "मामा, ती लिली होती ना आपली."

"कुठली?"

"माझ्यामागे. कपाटावर. तुम्ही पाणी बघायचात."

"हां हां," ते म्हणाले, पण मला कळलं की त्यांना आठवत नाहीये. मजल्यावर इतकं काय काय त्यांच्या हाताखालून जायचं. झाड हे त्यातलं एक. मला उगाच वाटत आलं होतं की ते झाड खरं त्यांचं, आणि मी नुसती सांभाळतेय. मी सगळं सांगितलं, जाळी, कूज, लहान कुंडी. त्यांनी मधे एकदाही "अरेरे" केलं नाही.

"आणि मान टाकली म्हणून पाणी घातलंत."

मी घातल्याचं अजून सांगितलंच नव्हतं. "घातलं," म्हटलं.

"घालणारच. सगळेच घालतात." मग खोकला. "आता कुंडी कलती करून ठेवा जरा. एका बाजूनं काहीतरी लावा खाली. उभी धरली की पाणी सोडतं. आणि आठ दिवस तिकडे फिरकू नका."

"कलती म्हणजे तो डस्टर?" मी विचारलं.

"कसला डस्टर?" मामा म्हणाले.

घरात डस्टर नाही. लेकीच्या टेबलाच्या खणात तिचा शाळेतला कंपासचा पत्र्याचा डबा सापडला, तो एका कडेखाली सरकवला. कुंडी कलली आणि मिनिटभराने, दोन दिवसांपूर्वी पाणी घातलेल्या त्या कुंडीच्या खालच्या भोकातून एक थेंब फुगला, लोंबला, बशीत पडला. मग दुसरा. मी फरशीवर बसून मोजत होते. सतरानंतर थांबले, मी, थेंब नव्हे.

आठ दिवस फिरकू नका हे काही जमलं नाही. पण पाण्याचा मग मी वरच्या फळीवर पालथा घालून ठेवलाय आणि तो काढायला स्टूल लागतं. पाचव्या दिवशी आणखी दोन पानं पिवळी झाली, ती कापली. आठव्या दिवशी बोट घातलं. पहिलं पेर कोरडं, दुसऱ्याला गारवा. चिमूटभर माती काढून दाबली, पण हे कोकोपीट आहे, याचा धड गोळाच होत नाही, त्यामुळे मामांची परीक्षा इथे लागू पडत नाही. अंदाजाने अजून दोन दिवस थांबले. आज सकाळी स्टूल लावलं.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. बॅग कुठे, चार्जर कुठे, आणि मग आठवण झाल्यासारखं, "उठली का गं ती?"

"दोन पानं उठलीत बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? दाखव."

मी फोन फिरवला, पण मागे खिडकी होती, उजेड समोरून येत होता आणि पडद्यावर नुसता काळा आकार दिसत होता. "काहीच कळत नाहीये आई," ती म्हणाली, "जरा बाजूला घे." मी कुंडी सरकवायला हात घातला, आणि डब्यावरून ती हलेल म्हणून परत काढून घेतला.